मोडला डावा, नडला उजवा: वॉकर बूटसोबतचे पंधरा आठवडे

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला आहे. वय ४७, वजन ८१ किलो, बुटाचा नंबर ८. डाव्या पावलाचं हाड मोडलं. त्यानंतर वॉकर बूट, मग कडक तळाचा बूट आणि शेवटी कामावरचा सेफ्टी शू, असा प्रवास झाला. रोजच्या नोंदी वहीत होत्या, त्या इथे उतरवतोय. फ्रॅक्चर प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे दिवसांचा हिशोब आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा. चुका मात्र माझ्याकडून फुकट घ्या.

५ जून २०२४, रात्री

लाइट गेली होती. चौदा पायऱ्यांचा जिना, एकवीस वर्षं उतरतोय, तरी तेरा मोजल्या आणि जमीन आली असं समजून पाय टाकला. डावं पाऊल आत मुडपलं, सगळा भार बाहेरच्या कडेवर आला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो मी ऐकला, बायकोनं स्वयंपाकघरातून ऐकला. तरी मी म्हणालो, "मुरगळलंय."

आईनं आंबेहळदीचा लेप लावला, तिथवर ठीक होतं. लेप वाळायच्या आत मीच तो पुसला आणि बाम लावून दहा मिनिटं जोरात चोळत बसलो. पहिली चूक.

७ जून

काल दिवसभर टाचेवर लंगडत कामावर गेलो होतो. दुसरी चूक. आज सकाळी करंगळीपासून घोट्यापर्यंत पाऊल जांभळं. एक्स-रे काढला, ४०० रुपये.

करंगळीच्या मागे पावलाच्या बाहेरच्या कडेला जे लांब हाड असतं, ते पाचवं मेटाटार्सल. त्याच्या बुडाचा टवका निघालाय. पाय मुडपताना तिथे जोडलेल्या स्नायूच्या दोरीनं तो ओढून काढला. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात." मला त्यात नशीब काही दिसलं नाही, म्हणून त्यांनी पेन टेकवून दाखवलं: हेच हाड थोडं पुढे मोडलं असतं तर त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. तिथे रक्तपुरवठा कमी, हाड जुळायला कुरकुरतं, कधी स्क्रू घालावा लागतो. रॉबर्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश सर्जननं नाचताना स्वतःचाच पाय मोडून घेतला आणि १९०२ मध्ये त्यावर लेख लिहिला. मी निदान घरच्या जिन्यावर पडलो.

सूज आहे म्हणून आठवडाभर स्लॅब (अर्धं प्लास्टर), मग बूट. पाय उशांवर उंच. स्लॅबचे ९०० रुपये.

१४ जून

स्लॅब निघाला. सर्जिकलच्या दुकानातून वॉकर बूट घेतला, २,८५० रुपये. गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टिकचं कवच, आत गादीचं अस्तर, पाच वेल्क्रो पट्टे, तळ होडीसारखा पुढेमागे गोल. हवा भरायचा छोटा पंपही आहे. डाव्या-उजव्या कुठल्याही पायाला चालतो.

दुकानदारानं नंबर विचारला, मी आठ म्हणालो, त्यानं मीडियम दिला. मीही घालून न बघता रिक्षात बसलो. घरी येऊन उभा राहिलो तर अंगठा तळाच्या पुढे डोकावतोय. हा बूट पुढून उघडा असतो. बोटं बाहेर आली म्हणजे उंबरठ्याला पहिली तीच लागणार. सुजलेलं पाऊल आणि अस्तराची जाडी दोन्ही धरून नंबर बघायला हवा होता.

१५ जून

बूट बदलून लार्ज आणला. "पायात घातलेली वस्तू आहे साहेब," म्हणत दुकानदारानं तीनशे रुपये कापले. वाद घातला नाही, उभं राहवत नव्हतं.

घालायची पद्धत तीन वेळा चुकल्यावर सापडली. खुर्चीत बसायचं, गुडघा काटकोनात. टाच मागच्या भिंतीला टेकेपर्यंत पाय मागे सारायचा आणि मगच पट्टे लावायचे, आधी पावलावरचे, मग घोट्याचा, मग वरचे. मी आधी वरचा पट्टा आवळत होतो. त्यामुळे टाच अर्धा इंच अधांतरी राहायची आणि प्रत्येक पावलाला पाय आत वरखाली व्हायचा. म्हणजे जे हलू नये म्हणून एवढा खर्च केला, तेच हलत होतं.

आत लांब मोजा हवाच. क्रिकेटचे पांढरे मोजे बरे पडले, गुडघ्यापर्यंत येतात.

१८ जून

डावा पाय जवळपास दुखत नाही. उजवं कंबरडं मात्र रात्री झोपू देत नाही.

कारण कळायला दोन दिवस गेले. बुटाचा तळ जाड, उजव्या पायात साधी स्लीपर. म्हणजे मी दिवसभर डावी बाजू वर, उजवी खाली, असा वाकड्या टेबलासारखा चालतोय. मग घरीच इन्स्पेक्शन केलं. डाव्या पायात बूट घालून उभा राहिलो आणि उजव्या स्लीपरखाली धाकटीच्या शाळेच्या वह्या एकेक सरकवत गेलो. बायकोनं मागून कमरेच्या दोन हाडांवर गवंड्याची लेव्हल धरली. "अजून एक… अजून एक… थांबा, बुडबुडा मधे आला!" पाच वह्या लागल्या. व्हर्नियर लावला: २३ मिमी.

तेवीस मिलिमीटर! आमच्याकडे अर्ध्या मिलिमीटरला कास्टिंग (ओतलेला भाग) रिजेक्ट करतात.

धाकटीनं भूगोलाची वही चुरगळल्याबद्दल तक्रार नोंदवली आहे. इथेही नोंदवतो.

२० जून

कोल्हापुरात राहून चपलेच्या कामासाठी ऑनलाइन कशाला शोधायचं. चप्पल लाइनला गेलो, म्हणजे मेव्हण्यानं नेलं. मागे पट्टा असलेल्या सँडलचा साधा जोड घेतला, ३८० रुपये. त्यातली उजवी तिथल्याच एका मामांपुढे ठेवली आणि तळ तेवीस मिमीनं वाढवायला सांगितलं. मामांनी मापाचा आकडा ऐकून माझ्याकडे बघितलं. "सोनार हाय का तुम्ही?"

ते कोल्हापुरी पायताणाचे कारागीर. त्यांनी आपल्या पद्धतीनं कातड्याचे थर एकावर एक चिकटवून, कडेनं शिवून, तासून दिलं. काम देखणं झालं. १२० रुपये. घरी येताना कंबर पहिल्यांदा सरळ वाटली.

२१ जून

देखण्या कामाचा निकाल. रात्रभर पाऊस, सकाळी अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाऊल टाकलं आणि सँडल साबणासारखी सटकली. दाराची कडी हातात आली म्हणून वाचलो. कातड्याचा तळ ओला झाला की धरतच नाही, शिवाय दुपारपर्यंत पाणी पिऊन सँडल जड झाली होती. चूक मामांची नाही. पावसाळा आहे हे सांगायचं काम माझं होतं.

२४ जून

परत चप्पल लाइन. कातडं उतरवलं. आता मधे हलक्या हवाई रबराचे दोन थर, दहा-दहा मिमी, आणि खाली स्कूटरच्या जुन्या टायरची पट्टी घासून तीन मिमी. नक्षी शाबूत ठेवली. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून वाळू दिलं, मग हातोडीनं ठोकलं. पुढचा तळ बोटांखाली थोडा वर उचलून तासला, कारण सरळ ठोकळा पायाखाली वळत नाही, अडखळायला होतं. ही कल्पना मामांचीच. "तुमच्या त्या प्लास्टिकच्या बुटाचा तळ बी गोल हाय की पुढं. मग ह्याला का नको?" दहा दिवस तो बूट घालून फिरतोय, तरी मला सुचलं नव्हतं. १५० रुपये.

एक नोंद: सगळी उंची एकदम घालू नये असं नंतर फिजिओथेरपिस्टनी सांगितलं. माझं जमून गेलं, पण पहिले दोन दिवस उजवी पोटरी ओढत होती.

काठीही इतके दिवस चुकीच्या हातात होती. मोडका पाय डावा म्हणून काठी डाव्या हातात धरायचो. ती उजव्या हातात हवी. डावा पाय पुढे, त्याच्यासोबत उजव्या हातातली काठी पुढे. एका दिवसात चाल सुधारली. जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

२९ जून

घाबरण्याचा दिवस. डावी पोटरी दगडासारखी झाली, दाबली की कळ. बायको तेल घेऊन चोळायला बसणार इतक्यात ५ जूनची आठवण झाली आणि थांबवलं. पाय बांधून ठेवला की पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, आणि चोळल्यानं ती सुटून वर जाऊ शकते. डॉक्टरांकडे गेलो, तपासणी झाली, गाठ नव्हती. वरचा पट्टा मी जास्त आवळत होतो आणि पंपानं हवा भरून भरून बूट फुटबॉल केला होता. डॉक्टरांनी सांगितलं की अशा वेळी फोन करून विचारत बसू नका, थेट या. हा एक दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही.

हवेचं माप आता असं: भरत जायचं, बूट पायाला सगळीकडून लागला की थांबायचं. बोटांना मुंग्या आल्या किंवा नखं निळसर दिसली की सोडायचं. सकाळी पाऊल बारीक असतं, संध्याकाळी फुगतं, म्हणून दिवसातून दोनदा हवा बघायची.

३ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. बुटाच्या अस्तराला खानावळीच्या फडक्याचा वास. बोटांच्या बेचक्यांत खाज, कातडी पांढरी. मलम आणि पावडर, १९० रुपये.

काय काय करून पाहिलं:

दुधाच्या पिशव्या जोडून बुटाला कव्हर. फरशीवर घसरतं, शिवाय आत घाम साचतो. मोटरसायकलवाल्यांचं रेनकव्हर, एकाकडून मागून आणलं. गोल तळाला बसत नाही, तिसऱ्या दिवशी टाचेत फाटलं. शेवटी अस्तराचा जादा सेट मागवला, ६५० रुपये. एक पायात, एक गॅस शेगडीपासून हातभर लांब दोरीवर. हेअर ड्रायर मारू नका. माझ्या अस्तराची कड वितळून कडक झाली आणि नडगीला घासायला लागली. ती कड कात्रीनं कापून वर कापसाची पट्टी शिवली.

डॉक्टरांनी बसलेलं असताना बूट काढायची परवानगी दिली आहे. त्यामुळे रोज दुपारी तासभर पाय उघडा, पंख्याखाली. त्या तासात घोटा वरखाली करायचा, पावलाची बाहेरची कड मात्र ताणायची नाही.

संडासाचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे भारतीय बैठकीचा आहे. बूट घालून उकिडवं बसता येत नाही, बूट काढून बसलं तर सगळा भार नेमका बाहेरच्या कडेवर. कमोडची खुर्ची पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. १,४०० रुपये. मी लाजेपोटी नऊ दिवस शेजाऱ्यांकडे जात होतो, म्हणजे लाज दुप्पट.

८ जुलै

आज कामावर. रजा संपत आल्या. बूट घालून गेटवर गेलो आणि आमच्या सेफ्टीवाल्यानं अडवलं. मी म्हणालो, "पायात एवढा मोठा संरक्षक बूट आहे, अजून काय पाहिजे?" तो म्हणाला, "ह्या बुटावर कास्टिंग पडलं तर?"

त्याचं बरोबर होतं. राग आला होता हे खरं, पण बरोबर त्याचंच होतं. वॉकर बूट मोडलेल्या हाडाला हलू देत नाही, एवढंच त्याचं काम. बोटं उघडी, वरचं कवच पातळ. शॉपमध्ये चालतो तो आयएस १५२९८ भाग २ मधला सेफ्टी शू. त्याच्या बोटांवरच्या टोपीला २०० ज्यूलचा मार सोसावा लागतो, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून. एक बूट आतून जपतो, दुसरा बाहेरून, आणि दोन्ही एका पायात मावत नाहीत.

तरी मी सुचवलं की पाहुण्यांना देतो ती बुटावर अडकवायची स्टीलची टोपी वॉकरवर लावू. लावून पाहिली. गोल तळामुळे ती पहिल्याच पावलाला निसटून गेटकडे घरंगळत गेली. सिक्युरिटीवाला हसला, मीही हसलो.

तोडगा: मोल्डिंग (वाळूचे साचे) आणि फेटलिंगमध्ये (ओतलेले भाग घासून साफ करतात तिथे) पाऊल टाकायचं नाही. ऑफिसच्या बाजूनं इन्स्पेक्शन रूममध्ये यायचं, कास्टिंग ट्रॉलीवर माझ्याकडे येतील. पायाखाली स्टूल. खाली सांडलेली वाळू ही वेगळीच कटकट. वेल्क्रोत वाळू गेली की ते धरत नाही. दातांच्या जुन्या ब्रशनं रोज घासावं लागतं.

आणि हो, स्कूटर. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायानं, म्हणून ती बाजूलाच. पण गिअर नसलेली स्कूटर चालवायला काय होतंय, असं वाटलं. तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला थांबलो आणि सवयीनं डावा पाय खाली टेकला, बूटसकट, खड्ड्याच्या कडेवर. हिरवा दिवा लागला तरी मी तिथेच दात आवळून उभा. परत येताना मित्राच्या गाडीतून आलो.

१८ जुलै

सहा आठवडे काल भरले, पण काल आषाढी. दवाखाना बंद, घरी साबुदाणा. आज दुसरा एक्स-रे. रेघ अजून दिसते! माझा चेहरा पडला. डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवून अंगठ्यानं नेमकं त्या हाडावर दाबलं. "दुखतं?" नाही दुखलं. एक्स-रेमध्ये हाड भरलेलं दिसायला वेळ लागतो, दाबल्यावर न दुखणं हे आधी येतं, असं त्यांनी समजावलं. अजून दोन आठवडे बाहेर जाताना बूट, घरात सपाट जागेवर कडक तळाच्या बुटानं थोडं थोडं सुरू करायचं. रोज पंधरा मिनिटांनी वाढ. सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर एक पायरी मागे.

२६ जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या वर आहे. सासुरवाडीचं घर सखल भागात. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या माणसाला घरी बसवत नाही. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही येऊ नका." दाजी गेले.

वॉकर बूट पाण्यात नेता येत नाही, म्हणून गमबूट घातले. गमबुटाचा तळ कणकेसारखा मऊ. चिखलात धान्याचं पोतं सरकवताना पाऊल दोनदा वळलं. रात्री सूज जूनसारखी.

२९ जुलै

डॉक्टर काही बोलले नाहीत. आधी हाड दाबून पाहिलं, पुन्हा मोडलेलं नाही. मग नुसतं विचारलं, "पोतं कितीचं होतं?"

दहा दिवस मागे. पुन्हा पूर्ण वेळ वॉकर बूट. या नोंदीतली ही सगळ्यात महाग चूक, आणि तिला एक रुपयाही लागला नाही.

८ ऑगस्ट

पुन्हा कडक तळाकडे. कार्बन फायबरची पट्टी बुटात घालतात, तिची किंमत ऐकून मी म्हणालो, फाउंड्रीत पट्ट्यांना काय तोटा.

पहिली: दोन मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा. पावलाच्या आकारात कापला, कडा घासल्या. दुसऱ्या दिवशी बोटांच्या सांध्यापाशी वाकला तो वाकलेलाच राहिला. चालताना बेडकासारखा आवाज करायचा.

दुसरी: दोन मिमी हायलम (विजेच्या कामातला कडक लॅमिनेट). मस्त कडक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात 'कट'. त्या आवाजानं काळजाचं पाणी झालं. मी होतो तिथेच जमिनीवर बसलो. बायको धावत आली. बूट काढला तर पट्टी मोडली होती, पाय नव्हे.

तिसरी: इलेक्ट्रिक पॅनेलच्या भंगारातली दीड मिमीची ग्लास इपॉक्सी शीट. वाकते आणि परत येते, मोडत नाही. हीच टिकली. बुटातला मूळ सोल काढून कागदावर रेघ मारायची, त्याच्या तीन मिमी आतून कापायचं, कडा पाण्याच्या पॉलिश पेपरनं गोल करायच्या. कापताना आणि घासताना तोंडावर मास्क हवा, तिची धूळ वाईट. पट्टी मूळ सोलच्या खाली जाते, वर नाही. फिजिओथेरपिस्टना दाखवली, त्यांनी दोन्ही हातांनी वाकवून बघून मान डोलावली आणि एक गोष्ट पकडली: पट्टीनं उजव्या-डाव्या उंचीत दीड मिमी फरक पडतो तो सोडून द्या, पण टाच बुटातून बाहेर निघतेय, म्हणून लेस वरच्या भोकापर्यंत ओवा.

आता उजव्या पायात ती उंच सँडल नको. हे लक्षात यायला एक आख्खी सकाळ गेली. दोन्ही पायांत साधे बूट, तरी मी उंच सँडल शोधत होतो.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, बहीण आली, तिनं नारळी भात केला. तिसरा एक्स-रे: हाड भरलं आहे. वॉकर बूट अधिकृतपणे बंद. टेपनं मोजलं: डावी पोटरी उजवीपेक्षा दोन सेंटीमीटर बारीक. दोन्ही पायांवर भिंतीला धरून टाचा वर उचलायच्या, दहाचे तीन फेरे. टॉवेल जमिनीवर टाकून बोटांनी गोळा करायचा. हे दुसरं दिसायला पोरखेळ आहे, पाच वेळात पाऊल थरथरतं.

२६ ऑगस्ट

सेफ्टी शू घालायचा दिवस ठरवला होता. जुना जोड कपाटातून काढला. डावा पाय आत गेलाच नाही. गेला तेव्हा नेमकी बाहेरची जाड शिलाई त्या हाडाच्या उंचवट्यावर. हाड जुळताना तिथे मुगाएवढी गाठ राहिली आहे. पाऊल अजून संध्याकाळी सुजतं. वजनही केलं: एक बूट ६४० ग्रॅम. एवढ्या आठवड्यांनंतर ते पायाला बेडी बांधल्यासारखं.

तरीही तासभर घालून फिरलो. गाठीवर फोड.

२८ ऑगस्ट

नवा जोड घेतला, संध्याकाळी सहा वाजता, जाड मोजे घालून, भंगारातली ती पट्टी खिशात घेऊन. दुकानात पट्टी आत घालूनच मापं पाहिली. नंबर ९, रुंद साचा, टोपी स्टीलची नाही, कंपोझिटची. मार सोसायची अट तीच, वजन ५२० ग्रॅम. आतल्या बाजूला आयएसआयचा शिक्का बघून घेतला, तोही १५२९८ भाग २ चाच. १,७५० रुपये.

गाठीसाठी: जाड नमद्याचा (फेल्टचा) तुकडा, मधे रुपयाच्या नाण्याएवढं भोक, गाठ त्या भोकात येईल असा आतून चिकटवला. आधी मी उलटं केलं होतं, म्हणजे गाठीवरच मऊ गादी लावली, त्यानं दाब आणखी वाढला. लेस ओवताना गाठीच्या समोरचं भोक सोडून द्यायचं.

पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज अर्धा तास जास्त. उरलेला वेळ इन्स्पेक्शन रूम.

७ सप्टेंबर

गणपती आणायला गेलो, मूर्ती मेव्हण्यानं उचलली. मी छत्री धरली. पुराच्या वेळी छत्रीच धरायला हवी होती.

१६ सप्टेंबर

आज पूर्ण आठ तास सेफ्टी शूमध्ये, त्यातले दोन फेटलिंगमध्ये वाळूवर. संध्याकाळी थोडी सूज, सकाळपर्यंत उतरते. नुसत्या डाव्या पायावर टाच अजून फार वेळा उचलता येत नाही, चारला थांबतो. उजवीकडे पंचवीस होतात.

वहीतला हिशोब: डॉक्टरांची फी सगळी मिळून २,०००, एक्स-रे तीन १,२००, स्लॅब ९००, वॉकर बूट आणि कापलेले तीनशे धरून ३,१५०, अस्तर ६५०, कमोडची खुर्ची १,४००, काठी ३५०, सँडल ३८०, मामांचे दोन फेरे २७०, मलम-पावडर १९०, फिजिओ पाच वेळा १,५००, सेफ्टी शू १,७५०. एकूण १३,७४०. रजा आणि रिक्षा वेगळ्या.

वॉकर बूट धुऊन पोटमाळ्यावर ठेवला. संध्याकाळी चप्पल लाइनला जाऊन मामांकडून उजव्या सँडलचा वाढवलेला तळ उतरवून घेतला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, टायरची पट्टी मात्र ठेवून घेतली, "चांगली हाय, दुसऱ्याला लागंल." आता घरात सँडलचा जोड आहे. डावी नवीकोरी, दुकानाची चिठ्ठी अजून तळाला चिकटलेली. उजवी झिजलेली. दोन्ही घालून उभा राहिलो, बायकोनं लेव्हल धरली. बुडबुडा थोडा डावीकडे.